जायचं पुस्तक

१

पाकीट जागेवर होतं. त्याची चेन नीट लावलेली होती. आत लिझेलचा अविवाहित असल्याचा दाखला होता, जन्माचा दाखला होता, फोटोंच्या चार प्रती होत्या. नव्हता तो फक्त पासपोर्ट.

"मावशी, तीन वाजता लग्न आहे," मल्हार म्हणाला. तेव्हा सकाळचे सव्वानऊ झाले होते आणि तो माझ्या दारात अनवाणी उभा होता.

मी नूरबी मुजावर. पोलिसात परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या टेबलावर अठरा वर्षं काढली आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. सोलापुरात परदेशी माणूस येऊन येऊन किती येणार, असं लोक हसायचे. पण एक जरी आला तरी त्याच्यामागं नियमांचं लांबलचक शेपूट येतं आणि ते मला तोंडपाठ आहे. शेजारपाजारचे मला सहसा काही विचारत नाहीत, कारण मी विचारल्यापेक्षा जास्त सांगते. मल्हार आला, म्हणजे पाणी गळ्याशी आलं होतं.

मल्हार समोरच्या घरातला धाकटा. मस्कतला एका हॉटेलात स्वयंपाकी होता. त्याच हॉटेलात काम करणारी फिलिपिन्सची लिझेल त्याला भेटली, दोघांचं जमलं, आणि लग्न सोलापुरात करायचं ठरलं. ती पर्यटक व्हिसावर आली. त्या व्हिसावर तिला एका फेरीत नव्वद दिवस राहता येत होतं. दोन धर्मांचं, दोन देशांचं लग्न म्हणजे विशेष विवाह कायदा. आधी महिनाभर इथं राहायचं, मग नोटीस द्यायची, ती महिनाभर कचेरीच्या फळ्यावर लागणार, कुणाची हरकत आली नाही तर लग्न. नव्वद दिवसांत सगळं बसत होतं. पण तिच्या देशातून दाखला यायला उशीर झाला आणि गाडी थेट शेवटाला येऊन टेकली. आज शुक्रवार. उद्या-परवा कचेरी बंद. रविवारी नव्वदावा दिवस.

लग्न लागलं की त्याच्या कागदावर व्हिसा बदलून मागता येतो. नाही लागलं तर रविवारच्या आत देश सोडायचा. पासपोर्ट नसेल तर लग्नही लागत नाही आणि विमानातही घेत नाहीत. मग ती मुदत संपून राहिलेली परदेशी ठरते. तो शिक्का एकदा बसला की पुन्हा व्हिसा मिळेल, याची हमी कुणी देत नाही.

"तक्रार दिलीस?"

"कशी देऊ? परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांत कळवायचं असतं म्हणे. तो फॉर्मच भरला नाही आम्ही. परवा कळलं."

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मी चष्मा घेतला. त्याला बोलले नाही, पण मीही घाबरले होते. अकरा वर्षांपूर्वी अशीच मुदत संपलेल्या एका बाईला मी स्वतः मुंबईच्या गाडीत बसवलं होतं. तिचा नवरा फलाटावर उभा होता. लग्न देवळात लागलेलं, कागद नव्हता. नियमानं मी बरोबर होते. ती परत आली का, हे मी नंतर कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

जिना उतरताना मल्हार थांबला. "मावशी, एक बोलू? हे तिनंच लपवलं नसेल ना?"

२

मल्हारची आई केराबाई दारातच उभी होती. मैंदर्गीकडची धनगराची लेक, नवरा गेल्यापासून सोलापुरात थोरल्याकडं. तिच्या घरी जाणं सोपं असतं, उठणं अवघड. गेल्या दिवाळीत मी फराळाला थांबत नाही म्हटल्यावर माझ्या चपला तासभर सापडल्या नव्हत्या, आणि तोवर माझ्या दोन करंज्या खाऊन झाल्या होत्या. आज मात्र ती "या" एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की तिला हे लग्न नको होतं. मैंदर्गीच्या भावाची, सिद्धाप्पाची मुलगी मल्हारला करायची, असं ती दहा वर्षं सांगत आली होती.

लिझेल आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती. शेजारी भरलेली बॅग. खोलीच्या दाराआड एक खुर्ची होती. रात्री ती दाराला टेकवून झोपते, असं मल्हारनं हळूच सांगितलं. मस्कतला शिकलेल्या हिंदीत ती माझ्याशी बोलली.

"मावशी, मैंने नहीं छुपाया. मुझे शादी करनी है."

"बॅग का भरलीस मग?"

बुधवारी संध्याकाळी कागदांचं काम बघणारा अनिलकुमार आला होता. त्यानं पासपोर्ट तपासला, परत तिच्या हातात दिला आणि बजावलं, की शुक्रवारी नाही जमलं तर रविवारी तुम्हाला जावंच लागेल. तो गेल्यावर तिनं घाबरून बॅग भरली. पासपोर्ट पाकिटात घातला, पाकीट बॅगेत वरच ठेवलं. आज सकाळी उघडलं तर हे असं.

"मधे आणखी काही गेलं?"

तिनं पाय पुढं केले. पाय अनवाणी होते. गुरुवारी सकाळी तिच्या निळ्या सँडल दारातून गेल्या. कुत्र्यानं नेल्या असतील, असं थोरला अजिनाथ म्हणाला. त्याच्या आधी आठ दिवसांपूर्वी कचेरीच्या फळ्यावरची त्यांची नोटीस कुणीतरी फाडली होती. कचेरीनं दुसरी लावली, पण पहिलीवरचा लिझेलचा फोटो कुणी नेला ते कळलं नाही.

"पहले फोटो," ती बोटांवर मोजत म्हणाली. "फिर चप्पल. फिर पासपोर्ट. अब मेरे पास सिर्फ मैं बची हूँ, मावशी. अब क्या ले जाएँगे?"

मी तिचा हात धरला. मी तिला काही होणार नाही म्हणाले, पण माझा माझ्यावरच विश्वास बसला नाही.

३

साडेदहाला अनिलकुमार आला. चाळिशीचा, घामेजलेला, दोन मोबाइल बाळगणारा माणूस. आल्या आल्या त्यानं शपथा घ्यायला सुरुवात केली.

"मावशी, माझं नाव यात आलं तर उद्या मला कोण कागद देईल? मी पासपोर्ट यांच्यासमोर परत दिलाय."

"कुणाकुणासमोर?"

"मल्हार होते, अजिनाथ होते, मॅडम. आणि यांच्या आई, केराबाई आजी, तिथं खाली बसून शेंगा फोडत होत्या."

"आजींना तू काय सांगितलंस?"

"आजींना काय सांगायचं? त्यांना काय कळणार यातलं?"

त्याला बसवून मी अजिनाथला गच्चीवर नेलं. अजिनाथ शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापतो. हात एवढे स्थिर की एका दमात चाळीस थर कापतो. आज ते हात खिशातून बाहेर येईनात.

"नोटीस तू फाडलीस," मी म्हणाले. हे मला ठाऊक नव्हतं. पण अठरा वर्षांत एक शिकले, की घाबरलेल्या माणसाला प्रश्न विचारू नये, उत्तर सांगावं.

तो कठड्याला टेकला. "फाडली. आमच्या कारखान्यातल्या एकानं त्या नोटिशीचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. सिद्धाप्पा मामाला कळलं असतं तर चार माणसं घेऊन हरकत घ्यायला आला असता. माजी मती फिरली, मावशी. नंतर लाज वाटली. पर पासपोर्टाला मी हात न्हाय लावला. मी साक्षीदार हाय की त्यांचा."

"आणि सँडल?"

"त्या कुत्र्यानं नेल्या असतील."

"दोन्ही?"

"व्हय, दोन्ही."

खालून आरडाओरडा ऐकू आला. मल्हार अनिलकुमारची कॉलर धरून उभा होता आणि लिझेल दोघांच्या मधे रडत होती. "पोलिसात चल, आत्ता चल," मल्हार म्हणत होता. पोलिसात गेलं असतं तर जबाब होईपर्यंतच संध्याकाळ झाली असती. मी त्याचा हात सोडवला आणि घड्याळाकडं पाहिलं. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

तेवढ्यात केराबाई दारात आली आणि म्हणाली, "भात टाकलाय. दोन घास खाऊन घ्या समदी."

मी तिथंच थबकले.

४

तुम्ही केराबाईला ओळखत नाही, म्हणून सांगते. ही बाई तापात पडली तरी भाकरी सोडत नाही. भात म्हणजे आजाऱ्याचं आणि पाहुण्यांचं अन्न, असं ती मला किती वेळा ऐकवते. पंधरा दिवसांपूर्वी मैंदर्गीहून ज्वारीचं पोतं आलं, ते तिच्या पत्र्याच्या पिंपात ओतायला मी स्वतः हात लावला होता.

"भाकरी का नाही?" मी विचारलं.

"पीठ संपलंय."

"दळण टाकायचं मग."

"टाकायचं हाय," ती म्हणाली आणि माझ्याकडं न बघता ताटं मांडू लागली.

ताटावर बसले, पण माझं लक्ष भातात नव्हतं. सकाळपासून आम्ही सगळे एकच धरून चाललो होतो, की हे लग्न ज्याला नको त्यानं पासपोर्ट चोरला. पण जिला घालवायचीय तिचा पासपोर्ट कुणी चोरतं का? पासपोर्ट गेला तर ती जाणार कशी? लग्न मोडायचं असतं तर त्याच पाकिटातला अविवाहित असल्याचा दाखला फाडला असता तरी काम झालं असतं आणि बाई रविवारी विमानात बसली असती. दाखल्याची घडीही मोडली नव्हती. म्हणजे ज्यानं नेला त्याला ती जायला नको होती.

आता लिझेल राहावी असं कुणाला वाटत होतं? मल्हारला, आणि तिला स्वतःला. पण पासपोर्टाशिवाय लग्न लागत नाही, हे दोघांना ठाऊक होतं. साक्षीदार अजिनाथलाही ठाऊक होतं. मग उरलं असं माणूस, ज्याला ती राहायला हवी होती पण तो नियम कुणी सांगितलाच नव्हता.

आणि कुत्रं. कुत्रं एक पायताण नेतं, नेऊन कुरतडतं. जोडी उचलून कुठलं कुत्रं जात नाही. जोडी उचलतं ते माणूस. मला दिवाळीच्या करंज्या आठवल्या आणि माझी मलाच लाज वाटली. आमच्या खालाला, म्हणजे आईच्या बहिणीला, परत जायची घाई झाली की आम्ही पोरं तिची पिशवी दडवायचो. आमची आजीच आम्हाला तसं शिकवायची.

मी ताट बाजूला सारलं, मल्हारला म्हटलं, कुणी आत येऊ नका. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"केराबाई, तिच्या सँडल कुठं ठेवल्यास?"

"कसल्या सँडल?"

"त्याच, ज्या कुत्र्यानं जोडीनं नेल्या."

तिनं हातातला डाव खाली ठेवला. मग भिंतीला पाठ लावून खाली बसली. "माळ्यावर हाईत. फडक्यात बांधून ठिवल्यात, खराब न्हाय केल्या."

"आणि पासपोर्ट?"

"त्यो न्हाय देनार."

आवाज बारीक होता, पण त्यात कुठं फट नव्हती. बाहेर घड्याळात एकचा ठोका पडला.

५

"त्ये जायचं पुस्तक हाय, नूरबी," ती म्हणाली. "मल्हारचा बा गेला, त्याला साच महिनं झालं हुतं. पोस्टमन त्ये पुस्तक दिऊन गेला. मीच अंगठा दिला. मला वाटलं नोकरीचा कागुद असंल. आठ दिसांत पोरगं मस्कतला गेलं. धा वर्सांत चारदा आलं. आता ही आली. ही काय बोलती मला कळत न्हाय, मी काय बोलती हिला कळत न्हाय. पर रोज माज्या पायाला तेल लावती. जवळ बसती. बुधवारी बघितलं तर बॅग भरत रडत हुती. अजिनाथला इचारलं, त्यो म्हनला, रविवारी जावं लागंल. आन मला कुनी सांगितलं का, का इचारलं? मग मी काय करू? पावन्याची पिशवी दडवली की दोन दिस तर ऱ्हातो मानूस."

"आणि सिद्धाप्पाची पोरगी?"

"ती कवाच दिली बार्शीला. तुमी लोक जुन्या गोष्टी धरून बसता."

मी तिच्याजवळ खाली बसले. गुडघे दुखत होते. तिला सगळं सांगितलं, नव्वद दिवस, नोटीस, फळा, आजचे तीन. ते पुस्तक नसेल तर तिला राहता येणार नाही आणि असेल तर राहता येईल, असं दोनदा सांगितलं. केराबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"तू पोलीसवाली हाईस. तूच सांगितलं हुतंस मला त्या बाईचं. गाडीत बसवलीस तिला. तिच्याकडं बी पुस्तक हुतंच की."

ही गोष्ट मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती, आणि ते माणूस माझ्यासमोर बसलं होतं. खोटं बोलून पासपोर्ट काढून घेता आला असता. पण भ्यालेल्या माणसाला खोटं लगेच कळतं.

"पुस्तक होतं," मी म्हणाले. "लग्नाचा कागद नव्हता तिच्याकडं. देवळात लग्न लागलेलं. तो कागद असता तर मी तिला हात लावला नसता, केराबाई. लावायची ताकदच नव्हती माझी. आज तीन वाजता तो कागद होतोय. आणि तो झाला नाही, तर रविवारनंतर माझ्यासारखीच कुणीतरी बाई तुझ्या दारात येईल. मला त्या बाईची भीती वाटते. कारण ती मीच होते."

ती उठली, तिनं पिंपाचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात ज्वारीत घातला. एक मरून रंगाचं पुस्तक वर आलं. म्हणूनच दळण काढलं नव्हतं तिनं. दाणे बाजूला घसरले तेव्हा मला आत आणखी एक कोपरा दिसला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, गडद निळा. आपल्या देशाचा पासपोर्ट त्या रंगाचा असतो.

मी केराबाईकडं पाहिलं. तिनं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली. मला एकाच पासपोर्टाबद्दल विचारलं गेलं होतं, आणि घड्याळात दीड झाला होता.

६

तीनला पाच कमी असताना आम्ही कचेरीत पोचलो. विवाह अधिकाऱ्यांनी कागद एकेक करून पाहिले. अविवाहित दाखला पाहिला, व्हिसाची तारीख पाहिली, पुन्हा पाहिली. लिझेलनं माझा दंड एवढा घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं पडलं. अधिकाऱ्यांनी पासपोर्टाचं पान उलटलं, आणि टेबलावर ज्वारीचे दोन दाणे पडले.

त्यांनी वर पाहिलं.

"साहेब, आमच्यात धान्यात ठेवतात शुभ कामाआधी," मी म्हणाले. ही थाप होती. अठरा वर्षांच्या नोकरीनंतर सरकारी टेबलासमोर मी मारलेली ही पहिलीच थाप. त्यांनी दाणे बाजूला सारले.

तीन साक्षीदार लागतात. अजिनाथनं सही केली, मी केली. तिसरा अनिलकुमार पेन काढून पुढं झाला, तशी मागून केराबाई म्हणाली, "मी हाय की."

तिनं कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि अंगठा पुढं केला. शाई लागलेला तो अंगठा कागदावर टेकताना ती लिझेलकडं बघत होती. बाहेर आल्यावर तिनं फडकं सोडलं, निळ्या सँडल लिझेलच्या पायांपुढं ठेवल्या आणि म्हणाली, "घाल, यव्वा." तिच्या माहेरी लेकीला अशीच हाक मारतात. लिझेलला शब्द कळले नसतील. ती खाली वाकली आणि पायऱ्यांवरच केराबाईच्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्याच संध्याकाळी मी त्यांना राहून गेलेला फॉर्म भरायला लावला आणि व्हिसा बदलाचा अर्जही. दंड होईल, बोलणी खावी लागतील, पण ते निस्तरता येईल. अर्जाचा निकाल यायला मात्र किती दिवस लागतील हे सांगता येत नाही. तोवर लिझेलला फोन वाजला तरी दचकायला होणार होतं.

नवव्या दिवशी सकाळी मल्हार पुन्हा माझ्या दारात. तोंड उतरलेलं.

"मावशी, आता माझा पासपोर्ट सापडत नाही. मस्कतला नवा करार झालाय. गुरुवारी विमान आहे."

"आईला सांगितलंस, गुरुवारी जाणार म्हणून?"

"आईला काय सांगायचं? तिला यातलं काही..." तो बोलता बोलता थांबला. त्याचं तोंड हळूहळू बदलत गेलं.

"सांगू नकोस," मी म्हणाले. "जाऊन विचार तिला. जाऊ का, म्हणून विचार."

तो गल्ली ओलांडून गेला. लिझेलच्या निळ्या सँडलशेजारी त्यानं चपला काढल्या आणि आत शिरला. मी खिडकीत बसून राहिले. अर्ध्या तासानं तो परत आला तेव्हा हात रिकामेच होते, पण डोळे पुसलेले दिसत होते.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तिचं ऱ्हायाचं पुस्तक घरात आलं की तुजं जायचं पुस्तक देते. तवर तिला एकटीला सोडून कुटं जायचं न्हाय."

व्हिसाचे इतके नियम मी पाठ केले, पण इतका सरळ नियम मला कुठल्याच परिपत्रकात सापडला नव्हता. मी त्याला बसायला सांगितलं आणि विमान पुढं ढकलायचा अर्ज कसा करायचा ते शोधायला चष्मा घेतला.